उभी बांधणी

बसथांब्याच्या काचेत तिला तिचा भाऊ दिसला. खराखुरा नव्हे, छापलेला. माणसाच्या दीडपट, मागून दिवे सोडलेला, डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. गुडघ्याखाली काळी वाटी, वाटीखाली नळी, आणि नळीला पावलाशी जोडणारा तो राखाडी, मुठीएवढा तुकडा, ज्यावर फोटो काढणाऱ्याने मुद्दाम उजेड पाडला होता. खाली दोनच शब्द, ‘निर्धास्त पाऊल’, आणि त्याखाली ती ज्या कंपनीत काम करत होती तिचं चिन्ह. भाऊ हसत होता. शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभं करताना हसतो तसं नाही, लग्नाच्या फोटोत हसतात तसं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. ना त्याने, ना आईने, ना कंपनीतल्या कुणी, आणि कंपनीतले तर रोज तिच्या शेजारी बसून डबा खायचे. तळपायाची आग मस्तकात जाते असं ती आयुष्यभर म्हणत आली होती, पण ती आग वाटेत कुठे कुठे थांबत वर चढते हे तिला त्या सकाळी कळलं. पोटऱ्या, मग पोट, मग गळा, मग कानाच्या पाळ्या. शेजारचा गृहस्थ म्हणाला, “छान केलीय जाहिरात. बघून बरं वाटतं.” ती म्हणाली, “माझा भाऊ आहे तो.” “अरे वा,” तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून जरा बाजूला सरकला. बस आली, थांबली, गेली. ती चढली नाही.

सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला, कारण एवढा वेळ ती भावाच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती मानेकडे बघत होती. त्या जोडतुकड्याला कारखान्यात सगळे मान म्हणायचे. टायटॅनियमची भुकटी, पिठाहून बारीक, पाटावर सपाट पसरायची, वरून लेझरचा किरण फिरवायचा. जिथे फिरेल तिथे भुकटी वितळून थिजते. त्यावर दुसरा थर, पुन्हा किरण. असे थरावर थर चढत भुकटीच्या पेटीत गुपचूप एक वस्तू तयार होते आणि भुकटी झटकली की आयती हातात येते. बघायला येणारे लोक तोंडात बोट घालतात. सुरुवातीला तिनेही घातलं होतं. पण तिचं काम बोट घालण्याचं नव्हतं, कापण्याचं होतं. ती वस्तू कापायची, तुकडा काळ्या राळेत बसवायची, आरशासारखा घासायची, त्याला आम्लाचा हलका हात द्यायची आणि मायक्रोस्कोपखाली धातूच्या पोटात डोकावायची. आत लांबट कण दिसतात, खालून वर वाढलेले, कारण उष्णता खाली पळते आणि कण तिच्या उलट वर चढत जातात. त्या कणांच्या आत सुयांचं दाट जाळं. सुया फार बारीक राहिल्या तर धातू ताकदवान पण तापट, चटकन तडकणारा. भट्टीत पुरेसा वेळ शेकला की सुया जाड होतात आणि धातूला शहाणपण येतं. आणि मधून मधून भोकं. गोल भोक तेवढं वाईट नाही. वाईट ते चपटं, दोन थरांच्या मधलं, जिथून लेझर घाईघाईत निघून गेला आणि भुकटी वितळायचीच राहिली.

घाई गेल्या काही महिन्यांतली होती. मागणी वाढली होती. पूर्वी माना पाटावर आडव्या निजवून बांधत आणि एका पाटावर मोजक्याच मावत. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की उभ्या बांधल्या तर तिप्पट मावतील. थर जाड केला, लेझरचा वेग वाढवला, भट्टीतला वेळ छाटला. आता उभ्या बांधलेल्या मानेत थर आडवे पडतात, वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. माणूस पाऊल टाकतो, मान किंचित वाकते, आणि गठ्ठ्यातली पानं एकमेकांपासून सुटायला बघतात. एकदा ओढून बघितलं तर काही होत नाही. ओढण्याच्या चाचणीत त्या माना ऐटीत पास होत होत्या. पण माणूस काही एकदाच चालत नाही. तो चालतच राहतो. प्रयोगशाळेत दुसरं एक यंत्र होतं, जे तुकड्याला सतत थोडं थोडं वाकवत राहायचं, आणि त्याच्यावर उभ्या माना निम्म्या वाटेतच तुटत होत्या. तुटलेल्या तोंडावर चपट्या भोकांमध्ये न वितळलेले भुकटीचे मणी तसेच बसलेले असायचे, चकाकणारे, निर्लज्ज.

हे तिने सांगितलं नव्हतं असं नाही. कारखान्याच्या प्रमुखाला सांगितलं होतं, तोंडी, लेखी, पुन्हा तोंडी. प्रमुखाला प्रयोगशाळेत मऊसाहेब म्हणत, कारण त्याचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. माणूस इतका मऊ की त्याच्यावर राग आपटला तरी आवाज होत नसे. “मॅडम, तुम्ही फार बारीक बघता,” तो म्हणाला होता. “मला त्यासाठीच ठेवलंय, सर.” “ते आहेच. पण एवढं बारीक बघितलं की सगळ्यातच भोकं दिसतात. माझ्या नाकावर धरा तुमचा मायक्रोस्कोप, तिथेही दिसतील.” आणि टेबलाभोवतीची मंडळी हसली होती. तीही, देवाशप्पथ, किंचित हसली होती. नंतर घरी भांडी घासताना त्या हसण्याने तिच्या तोंडाला कडवट चव आली होती. हॉस्पिटलला ओढण्याच्या चाचणीचे निकाल जात होते. ते खरे होते. “मग त्यात खोटं काय आहे?” मऊसाहेब विचारायचा. “अर्धं आहे, सर.” “अर्धं असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. बाकीच्याचं बघू.” त्याच्या ‘बघू’मध्ये माणसं म्हातारी व्हायची.

त्या सकाळी ती पुढच्या बसने गेली आणि पर्सही न ठेवता त्याच्या खोलीत शिरली. भिंतीवर तीच जाहिरात, छोट्या आकारात. “तुमच्यासाठी सरप्राइज होतं,” मऊसाहेब म्हणाला, “आवडलं का? तुमचे बंधू कॅमेऱ्यापुढे अगदी सहज वावरतात हो.” तिने विचारलं, “त्याच्या पायातली मान नव्यांतली आहे ना? मागच्या महिन्यात बदलून दिली ती?” “हो.” “उभी बांधलेली?” त्याने टेबलावरची पेन्सिल सरळ केली. “मॅडम, ती चांगली आहे. मनात काही आणू नका.” चांगली आहे. पेशंट गेल्यावर डॉक्टर नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवतात, तसा त्याने तो शब्द तिच्यावर ठेवला. ती बाहेर आली, हात धुतले, आणि कारण नसताना पुन्हा धुतले.

भावाला घरात भोवऱ्या म्हणत. एका जागी ठरायचा नाही म्हणून. ती बसून मुंग्यांची रांग बघायची, तेव्हा तो त्या रांगेवरून उड्या मारत पलीकडे गेलेला असायचा. पुढे तो शाळेत पीटीचा सर झाला, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. मग एका दुपारी शाळेच्या फाटकात वाळूची लॉरी मागे आली, मागे बघणारं कुणी नव्हतं, आणि भोवऱ्या एका लहान मुलाला ढकलून स्वतः अडकला. हॉस्पिटलात ती पोचली तेव्हा पांघरुणाचा एक भाग सपाट होता. पांघरूण असं सपाट असू शकतं हेच तिला पटेना, ती त्या सपाट जागेकडे बघत राहिली, आणि भोवऱ्या तिच्याकडे बघून म्हणाला होता, “ताई, आता चपला चोरीला गेल्या तरी निम्मीच काळजी.” ती त्याच्यावर इतकी चिडली होती की नर्सने तिला बाहेर काढलं. विनोद करायचा अधिकार त्याला कुणी दिला होता? मग पहिला प्लास्टिकचा पाय आला, जड, कुरकुरणारा, आणि तो घालून भोवऱ्या फेंगडा चालायचा आणि मैदानावर जायचं टाळायचा. मग मऊसाहेबाने स्वतःहून विचारलं, “तुमच्या भावासाठी आपलाच पाय देऊया का?” तेव्हा ती त्याच्यापुढे रडली होती. ते रडणं आता आठवून तिला कानशिलात मारून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई आणि भोवऱ्या एकत्र राहत. दार उघडताच आई म्हणाली, “बघितलंस का? खालच्या बाई सांगत होत्या, बाजाराच्या कोपऱ्यावर पण लागलाय. मी उद्या मैत्रिणींना घेऊन जाणार आहे.” भोवऱ्या स्टुलावर चढून बल्ब बदलत होता. जमिनीवर उभं राहूनही हात पोचला असता, पण तो स्टुलावर चढला होता, कारण आता चढता येत होतं.

“खाली उतर,” ती म्हणाली.

“आलो. ताई, तुझी साहेबमंडळी मात्र भारी. गाडी पाठवली होती मला न्यायला.”

“खाली उतर आणि पाय काढ.”

“काय?”

“पाय काढून ठेव. जुना आहे ना, तो घाल.”

तो उतरला. उतरताना त्याने सगळं वजन डाव्या पायावर टाकलं, मुद्दाम, तिच्या डोळ्यात बघत. तिने सांगितलं, थर, वह्यांचा गठ्ठा, भोकं, निम्म्या वाटेत तुटणाऱ्या माना. तिला नीट सांगता येत नव्हतं. रागात तिची वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडत. तो ऐकत होता, हाताची घडी घालून.

“माझी मान बघितलीस?” त्याने विचारलं.

“कापल्याशिवाय आतलं कसं दिसणार?”

“म्हणजे नाही बघितलीस.”

“बाकीच्या बघितल्यात.”

“बाकीच्या बाकीच्यांच्या. मी रोज मैदानाला फेऱ्या घालतोय. हिला काही झालं नाही.”

“होत नाही तोवर होत नाही.”

“शुभ बोल गं जरा,” आई म्हणाली. “घरात येऊन हे काय बोलणं तुझं.”

भोवऱ्या हसला, पण ते हसणं ओठांच्या कडेलाच संपलं. “तुला खरं सांगू, ताई? तुला माझं कौतुक बघवत नाही. लहानपणापासून. मी काही चांगलं आणलं की तू ते उलटं करून त्याच्या बुडाला भोक आहे का ते बघायचीस. पतंग आणला, बघ फाटलाय का. सायकल आणली, बघ चाक वाकडं आहे का. अरे बाबा, असेल फाटलेला. उडतोय ना?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “लॉरीनंतर पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघतं आणि मान वळवत नाही. ते तरी राहू दे मला.”

ती जिना उतरली. प्रत्येक पायरीवर तिचा घोटा किंचित वाकत होता आणि सरळ होत होता, वाकत होता आणि सरळ होत होता, आणि तिच्या हाडाला त्याबद्दल काही वाटत नव्हतं, हाड स्वतःला रोज थोडं दुरुस्त करून घेतं. धातूला ते येत नाही. धातू फक्त लक्षात ठेवतो. रस्त्यावर माणसं चालत होती, असंख्य माणसं, घोटे वाकवत, बेफिकीर. तिला त्या सगळ्यांचा राग आला. पतंगाचा आला. तो पतंग खरंच फाटला होता आणि तिने कागद चिकटवून तो नीट केला होता, हे भोवऱ्याने गाळलं होतं; लोक नेहमी तेवढंच गाळतात. आणि सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा की त्याचं चुकलं नव्हतं. तिला खरोखरच आधी भोक दिसायचं. जेवणाच्या ताटात केस, भिंतीत ओल, माणसाच्या बोलण्यात फट. लग्न ठरलं होतं तेव्हा त्या माणसाच्या बोलण्यातली फट दिसली होती आणि तिने ते मोडलं होतं. ती कधी चुकली नव्हती, आणि त्याचं कुणालाच काही सुख झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती कामावर गेली तेव्हा वाकवण्याचं यंत्र जागेवर नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन राहिले होते. दुरुस्तीला नेलं, असं सांगण्यात आलं. “बिघडलं कुठे होतं?” तिने विचारलं. मऊसाहेब म्हणाला, “निकाल जरा विचित्र देत होतं ना, म्हणून.” घशात शब्द आले होते, असे शब्द की जे तिने फक्त रस्त्यावर ऐकले होते, आणि ते तिने गिळले. पुढे कितीतरी दिवस ते शब्द ती मनातल्या मनात म्हणत राहिली, वेगवेगळ्या क्रमाने, आंघोळ करताना, बसमध्ये, नमुने घासताना. घासण्याच्या चकतीवर ती तुकडा इतका दाबायची की बोटं भाजायची. मायक्रोस्कोपखाली मात्र हात हलका व्हायचा. तिथे राग चालत नाही, चित्र हलतं.

मग एका दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला, तुमचे बंधू आलेत म्हणून. ती खाली गेली. भोवऱ्या कुबड्यांवर उभा होता. डावी पँट खाली मोकळी लोंबत होती, तिला वर पिनही लावलेली नव्हती. काखेत पिशवी. पहारेकरी त्याला बसायला खुर्ची देत होता आणि तो बसत नव्हता.

“शिंपीणबाई पडल्या,” तो म्हणाला.

त्या कोण हे तिला माहीत होतं. हॉस्पिटलात नव्याने पाय बसवलेल्या लोकांचा भोवऱ्या आठवड्यातून एकदा वर्ग घ्यायचा, चालायला शिकवायचा. पीटी सरच तो. शिंपीणबाई त्या वर्गातली त्याची लाडकी विद्यार्थिनी, पायमशीन पुन्हा चालवता यावं म्हणून हट्टाने शिकलेली.

“दुकानाची पायरी उतरताना. मान कटकन तुटली. मनगट मोडलं. उजवं. तुझ्या कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, बाई, तुम्ही पाय कुठेतरी आपटला असणार. ती म्हणते, सर, मी झोपतानासुद्धा पाय काढून उशीवर ठेवते हो.” त्याने पिशवी पुढे केली. “यात तिची आहे. दोन तुकडे. आणि माझी.”

“तुझी कशाला?”

“काप.”

तिने पिशवी घेतली. पिशवी जड नव्हती. तो म्हणाला, “मी त्या लोकांना काय शिकवतो माहितीय? पायाकडे बघू नका, समोर बघा. पाय आहे तिथे, तो आपलं काम करतोय. विश्वास टाका, असं ओरडतो मी त्यांच्यावर. शिंपीणबाई घाबरायच्या, खाली बघायच्या. त्यांची हनुवटी मी या हाताने वर केलीय.” बोलताना त्याने कुबडीवरचा हात उचलला आणि त्याचा तोल गेला, आणि तिने त्याला धरलं, आणि क्षणभर दोघं तसेच उभे राहिले, एकमेकांवर चिडलेले, एकमेकांना धरून.

प्रयोगशाळेत तिने त्याला स्टुलावर बसवलं. शिंपीणबाईची मान कापायची गरजच नव्हती. तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं आणि तेच: एका कडेला चपटं भोक, त्यात न वितळलेले मणी, आणि तिथून निघालेला तडा, आधी हळूहळू, ओहोटीच्या वाळूवर राहतात तशा रेघा सोडत, आणि मग एकदम. तिने भोवऱ्याला बघायला लावलं. तो बराच वेळ बघत राहिला. “हे गोल गोल काय आहे?” “भुकटी. जिचा धातू व्हायला हवा होता.” मग तिने त्याची मान करवतीच्या चिमट्यात धरली. पाण्याची धार सोडली. करवतीचा आवाज सुरू झाला तसा तो भिंतीकडे तोंड करून बसला, दात उपटताना बसतात तसा. राळेत बसवणं, घासणं, पुन्हा घासणं, आम्ल, पाणी, वारा. तिच्या मनात तयार होतं काय दिसणार ते. तेच जाळं, तीच भोकं, आणि मग ती त्याच्याकडे वळून काहीही म्हणणार नव्हती. ‘बघ, मी सांगितलं होतं’ हे वाक्य ती गिळणार होती, तेवढी मोठी ती होणार होती. तिने डोळा लावला.

एकही भोक नव्हतं.

तिने तुकडा सरकवला. डावी कड, उजवी कड, मधला भाग. कुठेच नाही. सुया बारीक नव्हत्या, जाड, शांत, भरपूर शेकलेल्या. आणि कण, जे उभ्या बांधणीत मानेच्या लांबीला धरून वर चढायला हवे होते, ते मानेला आडवे होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणजे ही मान पाटावर निजवून बांधली होती. सावकाश, पातळ थरांनी, जुन्या पद्धतीने, सगळं बदलून काही महिने झाल्यावर. एवढी देखणी मान तिने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. पहिल्यांदा तिला वाटलं की आपल्याकडून तुकड्यांची अदलाबदल झाली. मग वाटलं, भोवऱ्या बरोबर होता, ती सबंध आयुष्य पतंगाला भोकं शोधत बसलेली एक खवचट बाई होती. आणि मग, डोळा अजून भिंगालाच लावलेला असताना, तिला कळलं. ती चांगली आहे, मऊसाहेब म्हणाला होता. ती. ते सांत्वन नव्हतं, माहिती होती. कुणीतरी ही एक मान वेगळी बांधून घेतली होती. जो माणूस काचेवर दिवे लावून उभा राहणार होता त्याच्यासाठी. आणि वेगळी बांधून घ्यायची म्हणजे बाकीच्या कशा आहेत ते पक्कं ठाऊक हवं. त्याला तिचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. त्याला ते पहिल्याच दिवशी पटलं होतं. ती जे लेखी, तोंडी, पुन्हा तोंडी सांगत आली त्यावर अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाने पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि तो हा.

“काय झालं?” भोवऱ्याने भिंतीकडे बघत विचारलं. “तडा आहे?”

“नाही.”

“मग?”

“ठणठणीत आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की तो वळला. तिने सांगितलं. या वेळी वाक्यं नीट आली, एकामागून एक. ऐकताना त्याचा चेहरा आधी उजळला, कारण माणूसच तो, आपला पाय चांगला होता हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही. आणि ते बरं वाटणं त्याच्या चेहऱ्यावरच आंबून गेलं. “म्हणजे मी उड्या मारत होतो,” तो हळू म्हणाला, “आणि ते माझ्याकडे बघून पाय टाकत होते.”

मऊसाहेबाच्या खोलीत ते दोघं गेले. त्याने उठून भोवऱ्याला खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. तिने कापलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “ही तुम्ही आडवी बांधून घेतलीत.”

त्याने नाकारलं नाही. तिला वाटलं होतं नाकारेल, आणि त्यासाठी तिने सगळा दारूगोळा भरून ठेवला होता. “मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर दुखावलेपण होतं, “आपल्या माणसासाठी आपण जरा निवडूनच घेतो की नाही? तुमच्या भावाची मी काळजी घेतली. त्यासाठी तुम्ही माझ्यावर चिडताय?”

“शिंपीणबाई कुणाचं माणूस आहेत?” भोवऱ्याने विचारलं.

“त्यांचं वाईट वाटलं. खरंच. पण हे बघा, सगळ्याच तुटत नाहीत.”

“कुठल्या तुटणार ते तुम्हाला माहितीय?”

“तसं कुणालाच माहीत नसतं, सर.” आणि मग तो तिच्याकडे वळला. “आपण आता नव्या यंत्रांचं बघतोच आहोत. थोडा दम धरा. आणि हा तुकडा इथेच राहू द्या.”

तिने तुकडा उचलला. ओरडायचं तिने ठरवलं होतं, गिळलेले सगळे शब्द आज क्रमाने बाहेर काढायचे होते, पण त्या मऊ चेहऱ्यासमोर तिला कळलं की ते ऐकायला आत कुणी नाही. तिथे जाऊन आपटेल असं काही नाही. तेव्हा पहिल्यांदा तिचा राग तिच्या आत नुसता धुमसायचा थांबला आणि कामाला लागला. “तुकडा माझ्या भावाचा आहे,” ती म्हणाली, “त्याच्या पायातला.” आणि भोवऱ्यासाठी दार धरून उभी राहिली.

टॅक्सीत बसूनच तिने हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, आणि दोन्ही मानांचे फोटो पाठवले. डॉक्टरीणबाईंनी फार थोडे प्रश्न विचारले, पण नेमके. उद्यापासून या माना बसवणार नाही, त्या म्हणाल्या, आणि कळवायचं तिथे मी कळवते. “आणि बसवलेल्या?” तिने विचारलं. “त्यांना पत्रं जातील. तपासणीला बोलावून घेऊ.” भोवऱ्या ऐकत होता. “पत्र पोचेपर्यंत काय, ते हवेत तरंगणार आहेत?” तो म्हणाला. तिचा फोन लगेच पुन्हा वाजला. कंपनीतून होता. उद्या येऊ नका, कळवल्यावर या, असं एक अनोळखी, नम्र बाई सांगत होती. “बरं,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं की या वाक्याने पायाखालची जमीन सरकेल. काही सरकलं नाही.

आईने दार उघडलं, कुबड्या बघितल्या, लोंबणारी पँट बघितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता बाजूला झाली. भोवऱ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि फोन लावू लागला. वर्गातले सगळे नंबर त्याच्याकडे होते. लिफ्टवाला, ग्रंथालयातली बाई, वाजंत्रीतला बासरीवाला. प्रत्येकाशी तो तेच बोलत होता. सर बोलतोय. पाय काढून ठेवा. आज नाही, आत्ता. जुना असेल तर तो घाला, नसेल तर बसून राहा, मी येऊन भेटतो. कुणी रडलं. कुणी शिव्या दिल्या, त्यालाच, आणि त्याने त्या ऐकून घेतल्या. ग्रंथालयातली बाई म्हणाली की उद्या तिच्या मुलीचं लग्न आहे, निदान उद्याचा दिवस तरी उभं राहू द्या, त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, “खुर्चीत बसून आशीर्वाद द्या, बाई. मी येतो, शेजारी बसतो तुमच्या.” ती समोर बसून होती. तिचा राग उतरला नव्हता. तो उतरेल असं तिला वाटतही नव्हतं, आणि उतरावा असंही वाटत नव्हतं. फक्त आता तो एकटीचा राहिला नव्हता. आई गॅसपाशी पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

शेवटचा चावीवाला. बाजारात दिवसभर उभं राहून चाव्या घासणारा माणूस, बोलायला सावकाश. भोवऱ्याने फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे त्याचा आवाज तिघांनाही ऐकू येत होता, मागे बाजाराचा गलबला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “सर, तुमचा पण खराब निघाला का?”

भोवऱ्याने ताईकडे बघितलं. हे तिने सांगायचं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “माझा चांगला निघाला. माझ्या एकट्याचाच. म्हणून तर फोन केला.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, कुणीतरी जड बसल्याचा, आणि पट्टा सुटताना होतो तो लांब, फाटल्यासारखा आवाज. “काढला, सर,” चावीवाला म्हणाला. “आता मला घरी न्यायला कुणाला तरी पाठवा.”

ती उठली आणि चपला घालू लागली.